तालमीतला काटा: दुखापत तपासणी कोपऱ्याच्या नोंदी, जून ते नोव्हेंबर 2024

30 जून, रविवार

ठिकाण: बेळगाव तालुक्यातल्या एका तालमीची पडवी. वेळ: दर रविवारी सकाळी सात ते अकरा. येणारे तीन तऱ्हेचे. मातीतले पैलवान, गावोगावच्या कबड्डी संघातली पोरं, आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीवर डोळा ठेवून पहाटे पळणारे. दुखणी तिघांची वेगळी, प्रश्न एकच: परत कधी उतरू?

सामान जमलं ते असं. सांध्याचे अंश मोजायचा गोनिओमीटर, शिंप्याची मोजपट्टी, डायलचं रक्तदाब यंत्र, 38 मिमीची झिंक ऑक्साइड टेप, 15 सेमी रुंद क्रेप बँडेज, बोटाच्या ॲल्युमिनियम-फोम पट्ट्या, बर्फाचा डबा. सुताराकडून 25 अंश उताराची फळी करून घेतली. तिच्यावर एका पायाची बैठक मारली की भार नेमका गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) येतो. तिथलं दुखणं ओळखायलाही तीच फळी आणि पुढे व्यायामालाही तीच.

केसपेपरवर ‘दुखतंय का? हो/नाही’ हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. त्याजागी शब्द लिहिले: ठणका, चमक, कळ, आखडणं, मुंग्या. बसल्याजागी, रात्री ठणका असेल तर हाडाचा संशय. एकाच हालचालीत चमक निघत असेल तर कंडरा किंवा गुडघ्यातली गादी. मुंग्या म्हणजे नस, आधी मान-कंबर बघायची. बैलहोंगलकडची पोरं कन्नडमधून सांगतात म्हणून शेजारी नोवु, बावु, उळुकु हेही लिहून ठेवले. ‘उळुकु’ म्हणाला की मुरगळलंय, ‘बावु’ म्हणाला की सूज.

7 जुलै

आजचा दिवस काट्याचा.

मांडीची ताकद हाताने दाबून तपासली तर पैलवानाच्या बाबतीत काहीच कळत नाही. तपासणाऱ्याचा हात हरतो आणि दोन्ही पाय ‘पूर्ण ताकद’ असे कागदावर जातात. ताकद मोजायची मोठी यंत्रं आपल्या आवाक्यातली नव्हेत. म्हणून लटकवायचा डिजिटल काटा. आधी प्रवासी बॅगा तोलायचा 50 किलोचा आणला होता. पहिल्याच पैलवानाने तो ‘एरर’वर नेला. आता पोती तोलायचा, 300 किलोपर्यंतचा हुकाचा काटा घेतलाय. त्यात सर्वांत मोठा आकडा धरून ठेवायचं बटण हवंच, नाहीतर डोळ्याने पकडेपर्यंत आकडा उतरतो.

जोडणी: जड लाकडी टेबल भिंतीला टेकवून. टेबलाच्या मागे भिंतीत लोखंडी कडी, जमिनीपासून घोट्याच्या उंचीवर. कडीत काटा, काट्याला ट्रकवर माल आवळायचा पट्टा, पट्ट्याचं दुसरं टोक नडगीभोवती, बाहेरच्या घोट्याच्या वर 5 सेमी. नडगीवर टॉवेलची घडी, नाहीतर पट्टा रुतला म्हणून माणूस जोर कमी लावतो. मांडी टेबलाला दुसऱ्या पट्ट्याने बांधायची. हात छातीवर. गुडघा 90 अंशांत.

90 अंशच का, तर नडगी सरळ खाली लोंबत असते, त्यामुळे पायाचं स्वतःचं वजन आकड्यात मिसळत नाही. शिवाय एसीएलची (गुडघ्यातल्या, हाडांना बांधणाऱ्या पुढच्या लिगामेंटची) शस्त्रक्रिया झालेल्याला या कोनात जोर लावायला सांगणं त्यातल्या त्यात सुरक्षित. पाय सरळ व्हायच्या जवळ, 30 अंशांच्या आसपास, नव्या लिगामेंटवर ताण जास्त येतो.

क्रम: आधी अर्ध्या, मग पाऊण जोराने सराव. मग पूर्ण जोर 5 सेकंद, मध्ये एक मिनिट, असं तीनदा. सर्वांत मोठा आकडा धरायचा. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच वाढलेला असेल तर चौथा घ्यायचा, कारण गडी अजून शिकतोय.

चुका झाल्या त्या:
नायलॉनची दोरी वापरली, ती ताणली गेली आणि गुडघा 90 वरून 75 वर उघडला. आकडा फुकट. पट्टाच हवा.
कडी वर बसली होती, त्यामुळे पट्टा तिरका. ओढ नडगीला काटकोनात नसेल आणि 30 अंशांनी तिरकी असेल तर खऱ्या जोरातला 13 टक्के भाग आकड्यात येतच नाही. कडी खाली घेतली.
दोन पायांना पट्टा वेगवेगळ्या उंचीवर. आता गुडघ्याच्या सांध्याच्या रेषेपासून पट्ट्याच्या मधोमधपर्यंतचं अंतर मोजून पेनाने खूण करतो.

हिशेब सोपा आहे: किलो × 9.81 × अंतर मीटरमध्ये. आज 71 किलोच्या एका पैलवानाचा उजवा 62.4 किलो, अंतर 0.35 मीटर. म्हणजे 214 न्यूटन मीटर, शरीराच्या किलोमागे 3. चांगला. डावा 47.1. म्हणजे उजव्याच्या 75 टक्के. दोन वर्षांपूर्वी डावा गुडघा मुरगळला होता, ‘आता काय पण दुखत नाही ओ’ असं सांगत होता. बरोबर आहे, दुखत नाहीच. लॅकमन चाचणी (नडगी हाताने पुढे ओढून एसीएल शाबूत आहे का बघणं): ठीक.

आज जे धडधाकट होते त्यांचेही आकडे घेतले. हे काम पुढचे तीन रविवार चालेल. वस्तादांना नवल वाटलं, दुखत नसताना कशाला मोजायचं म्हणून. वजनी गटासाठी अंगाचं वजन रोज मोजतातच की.

14 जुलै

घोटे. पावसात मैदान चिखलाचं आणि चढाईपटूचा घोटा पकडीत अडकून अंग फिरलं, की बाहेरचं लिगामेंट गेलंच.

एक्स-रे कुणाला, हे ठरवायला ऑटावाचे नियम पुरेसे आहेत. 1992 साली कॅनडात मांडले गेले. दोन्ही घोट्यांच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर 6 सेमी. तिथे हाडावर दाबून दुखलं तर एक्स-रे. करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला जे हाड उंचावतं तिथे, किंवा पावलाच्या आतल्या बाजूच्या नॅव्हिक्युलर हाडावर दुखलं तरी एक्स-रे. लागल्या लागल्या आणि आताही चार पावलं टाकता आली नाहीत तरी एक्स-रे. लंगडत टाकली तरी ती पावलंच. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता नगण्य.

चुकतं कुठे, तर दाबायच्या क्रमात. सगळे आधी घोट्याच्या पुढच्या सुजलेल्या खळग्यात बोट घालतात. तिथे लिगामेंट असतं, तिथे प्रत्येकजण ओरडतो, आणि मग पुढे कुठेही दाबलं तरी ‘हो’ म्हणतो. दाबणं लांबून सुरू करावं: गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाचं डोकं, मग पोटरीच्या मधोमध दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबून बघणं, मग मागची कड, सर्वांत शेवटी तो खळगा. गुडघ्याखाली दुखलं किंवा पोटरी दाबल्यावर कळ घोट्याच्या वर उठली तर हे साधं मुरगळणं नव्हे. दोन हाडांना बांधणारा वरचा लिगामेंट गेलाय, त्याला वेळ दुप्पट धरावा. पाय बधिर असेल किंवा गडी प्यालेला असेल तर हे नियम लावू नयेत.

लिगामेंट किती फाटलं ते पहिल्या दिवशी ठरवायचा आग्रह सोडला. सूज आणि भीती यांनी पाय आखडलेला असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी टाच पुढे ओढून बघितलं की खरं कळतं. तोवर उंचीवर पाय, क्रेप बँडेज, झेपेल तेवढं चालणं. प्लास्टर नको.

टेपबद्दल: मातीत तेल, ताक, हळद असते. घोट्याला ती लागलेली असली की टेप धरतच नाही. साबणाने धुऊन, कोरडं करून, स्पिरिट फिरवून मगच. पावलाचा कोन 90 अंश. वरची पहिली पट्टी पोटरीचा फुगवटा संपतो तिथे, मग आतून तळव्याखालून बाहेर अशा तीन पट्ट्या, मग टाचेला दोन्ही बाजूंनी कुलूप, म्हणजे टाच जखडणारे वेढे. वीस-तीस मिनिटांच्या खेळात टेप सैल पडते, म्हणून मध्यंतरात बघावी.

21 जुलै

धो धो पाऊस. चौघेच आले. भिंतीलगत जमिनीवर सेंटीमीटरच्या रेघा रंगवल्या: अंगठा रेघेवर, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. दोन घोट्यांत 2 सेमीपेक्षा जास्त फरक असेल तर तो पाय अजून आखडलेला आहे, पळायला सोडायचा नाही.

28 जुलै

मुका मार. काल सरावात एकाच्या उजव्या मांडीवर समोरच्याचा गुडघा बसला. कातडी शाबूत, आत रक्त साकळलेलं. मांडी घट्ट, गुडघा 70 अंशांपर्यंतच वाकतोय. वाकण्यावरून दर्जा ठरतो: 90 च्या पुढे वाकला तर सौम्य, 45 ते 90 मध्यम, 45 च्या आत तीव्र. हा मध्यम.

करायचं ते लगेच, दहा मिनिटांच्या आत करण्यात खरा फायदा: गुडघा न दुखता जितका वाकेल तितका, 120 अंशांपर्यंत, वाकवून क्रेप बँडेजने टाच मांडीकडे बांधायची आणि 24 तास तशीच ठेवायची. वाकलेल्या गुडघ्यात पुढचा स्नायू ताणलेला राहतो, आत रक्त साठायला जागा उरत नाही, आणि बरा होताना तो आखूड होत नाही. मध्ये मध्ये बर्फ, 15 मिनिटं, कापडातून. पण हा गडी आला दुसऱ्या दिवशी, आणि तोही रात्री मांडी चोळून घेऊन.

वस्तादांचं म्हणणं: “चोळल्याबिगर साकळलेलं रगत हलतंय व्हय?” हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. दमलेल्या स्नायूला मालिश हवीच, तालमीत ती पिढ्यान् पिढ्या आहे. पण मुक्या माराच्या जागी आतले धागे तुटून रक्तवाहिन्या उघड्या पडलेल्या असतात. चोळलं की पुन्हा रक्त सुटतं. आणि हाडाला लागून साकळलेलं रक्त पुन्हा पुन्हा डिवचलं की शरीर तिथे चक्क हाड तयार करतं. दोन-तीन आठवड्यांनी मांडीत टणक गोळा लागतो, गुडघा वाकायचा आणखी कमी होतो. एक्स-रेत तो दिसायला तीन-चार आठवडे जातात. मग जोर लावून वाकवणंही बंद, आणि तो गोळा कापून काढायची घाई तर मुळीच नाही. पिकायला सहा महिने ते वर्ष जातं.

तडजोड ठरली. वस्ताद पाठ, खांदे, दुसरी मांडी हवी तेवढी रगडतील. मार बसलेली जागा गुडघा पूर्ण वाकेपर्यंत सोडतील. आंबेहळदीचा लेप चालेल, पण हलक्या हाताने, आणि वरून आवळून बांधायचं नाही.

आवळण्याबद्दल कागदावर लाल शाईने: मांडी किंवा पोटरी दगडासारखी, दुखणं माराच्या मानाने फारच जास्त आणि तासातासाला वाढणारं, बोटं दुसऱ्याने नुसती ताणली तरी असह्य कळ. असं दिसलं की पट्टी सोडून थेट मोठ्या दवाखान्यात, त्याच तासाला. स्नायूच्या कप्प्यातला दाब वाढलेला असतो. नाडी लागतेय म्हणून गप्प बसू नये. ती शेवटपर्यंत लागू शकते.

11 ऑगस्ट

बोटं. कबड्डीत बोटाला कुणी दुखापत मानतच नाही. दोन पोरं एकाच सामन्यातून आली, दोघांचंही ‘बोट ओढलं गेलं’, दोघांनीही शेजारच्या बोटाला बांधून घेतलेलं. एकाला सहा-आठ आठवड्यांची पट्टी पुरते, दुसऱ्याला आठवड्याभरात शस्त्रक्रिया. फरक ओळखायला अर्धं मिनिट लागतं.

पहिला: मधलं बोट, शेवटचं पेर खाली झुकलेलं. आपण उचललं तर सरळ होतं, सोडलं की पडतं. पेर सरळ करणारी कंडरा टोकाला तुटली. ॲल्युमिनियमची पट्टी फक्त शेवटच्या सांध्यावर. मधला सांधा मोकळा आणि हलता. सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. कातडी भिजून पांढरी पडते म्हणून पट्टी बदलावी लागते, तेव्हा बोट टेबलावर सपाट टेकवूनच. त्या काळात पेर एकदा जरी वाकलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. बहुतेक उपचार इथेच फसतात: जेवताना, आंघोळीत, ‘जरा बघूया वाकतंय का’ म्हणून. एक्स-रे काढावा, सोबत तुटलेला हाडाचा तुकडा सांध्याच्या एक तृतीयांशाहून मोठा असेल किंवा सांधा सरकलेला असेल तर अस्थितज्ज्ञ.

दुसरा: अनामिका. पकड करताना बोट चड्डीच्या कडेत अडकलं, समोरचा निसटला. दिसायला बोट सरळ, थोडं सुजलेलं, मूठही बऱ्यापैकी वळते. मधला सांधा वाकवणारी कंडरा शाबूत असते ना. मधलं पेर आपल्या चिमटीत सरळ धरलं आणि ‘फक्त टोक वाकव’ म्हटलं. टोक जागचं हललं नाही. दुसऱ्या हाताच्या अनामिकेला तेच सांगितलं, ती झटक्यात वाकली. आत खोलवरची कंडरा हाडापासून उपटली जाऊन तळहातात ओढली गेलीय. तिथे तिचा रक्तपुरवठा तुटतो, ती आखूड होत जाते. सात ते दहा दिवसांच्या आत जोडली तर जुळते. आज पाचवा दिवस. चिठ्ठी देऊन लगेच पाठवला. अंगावर काढायचं बोट नव्हे हे.

25 ऑगस्ट

नडग्या. भरतीची पोरं. 1600 मीटरची धाव. पण तयारी सुरू होते दीड-दोन महिने आधी, आणि पहिल्याच आठवड्यात रोज सात-आठ किलोमीटर. पावसाळ्यात मैदानात पाणी, म्हणून डांबरी रस्ता. बूट मोठ्या भावाचे.

सलग तपासणीत दोन टोकं दिसतात. नडगीच्या आतल्या कडेला खालच्या भागात 5 सेमी किंवा त्याहून लांब पट्टा दुखतो, पळताना अंग तापलं की कमी होतं, थांबल्यावर परत येतं: हा हाडाच्या कडेवरचा ताण. दुसऱ्या टोकाला दुखणं एका बोटाच्या टोकाखाली मावतं, पळू तसं वाढतं, एका पायावर उडी मारली की नेमकं तिथे टोचतं, आणि रात्री ठणकतं: हाडाला ताणाची चीर पडतेय. आज एकजण डाव्या नडगीवर करंगळीने जागा दाखवत म्हणाला, “रात्री पण ठणकतंय ओ सर, पाय उशीवर ठेवावा लागतोय.” एवढ्यावरच धाव बंद केली. त्याच्याकडे दहा दिवसांपूर्वीचा एक्स-रे होता, ‘नॉर्मल’ लिहिलेला. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ताणाची चीर एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. त्या कागदाच्या भरवशावर त्याला पळत राहा म्हणून सांगितलं गेलं होतं. शंका असेल तर एमआरआय, ते परवडत नसेल तर चीर आहे असं धरून विश्रांती आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे.

कारण पोरांना सांगितलं तर पटतं, म्हणून फलकावर काढून दाखवलं. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं, मग नवं भरतं. खरवडायला काही आठवडे, भरायला काही महिने. म्हणजे तयारी सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड सुरुवातीपेक्षा कच्चं असतं. नेमक्या त्याच वेळी दम वाढलेला असतो, म्हणून पोरं अंतर वाढवतात. भरतीची तयारी सहा महिने आधी हवी, यामागे एवढंच आहे.

जागेवरून धोका ठरतो. आतली-मागची कड बरी. नडगीची पुढची धार, मध्यावर दुखत असेल तर तिथे चीर ओढीच्या बाजूला असते, जुळत नाही, पूर्ण मोडू शकते. जांघेत खोल दुखणं, नॅव्हिक्युलर हाड, करंगळीच्या रेषेतल्या हाडाचा मुळाकडचा भाग: तिथेही थांबायचं, कुबड्या द्यायच्या, अस्थितज्ज्ञाकडे पाठवायचं. ठरावीक मिनिटाला पोटरी भरून येते आणि थांबलं की दहा-पंधरा मिनिटांत ओसरते, तर ते हाडाचं दुखणं नाहीच, कप्प्यातल्या दाबाचं आहे.

चीर पडलेल्यासाठी क्रम: चालताना दुखायचं पूर्ण थांबेपर्यंत धाव नाही. मग आठवडाभर 30 मिनिटं जलद चाल, दुखलं नाही तर एक मिनिट धाव-एक मिनिट चाल असं दहा वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी दाबून दुखलं तर एक पायरी मागे. सोबत गुडघा वाकवून टाच उचलणं, मांडीवर वजन ठेवून; पोटरीतला खोल स्नायू पळताना नडगीवरचा वाकवणारा ताण पेलतो. आणि जेवण. वजन कमी करायच्या नादात रात्री उपाशी झोपणाऱ्याचं हाड भरणार कशाने?

8 सप्टेंबर

काल गणपती बसले. पडवीत दोघे. एक ढोलाच्या पट्ट्याने आखडलेला खांदा घेऊन.

दुसरा पैलवान, कान फुगून आलेला, मऊ. इथे फुटलेला कान मिरवायची गोष्ट आहे हे मान्य, पण ज्याला नको असेल त्याने दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडून आतलं रक्त काढून घ्यावं आणि आठवडाभर दोन्ही बाजूंनी शिवलेली दाबपट्टी ठेवावी. नुसतं सुईने ओढलं की रात्रीत परत भरतं. आठवडा उलटला की आत कूर्चेचा नवा टणक थर धरतो आणि कान कायमचा तसा. यालाही मिरवायचा नव्हता, लग्न ठरतंय.

22 सप्टेंबर

7 जुलैच्या नोंदीत दुरुस्ती. 71 किलोच्या पैलवानाची लॅकमन चाचणी ‘ठीक’ लिहिली होती. ती चूक होती. एसीएल जुनं तुटलेलं आहे.

चूक कशी झाली ते नीट लिहून ठेवतो. गुडघा 20 ते 30 अंश वाकवून एका हाताने मांडी पक्की धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची; शेवटी दोरी ताणल्यासारखा ठाम थांबा लागतो का बघायचं. पैलवानाची मांडी एका हातात मावत नाही. पकड सैल, त्यामुळे मांडी-नडगी दोन्ही एकत्र हलतात आणि वाटतं काही सरकलंच नाही. त्यात मागचे स्नायू त्याने आवळून धरले होते. ते नडगीला मागे खेचून ठेवतात. आज तपासणाऱ्याने स्वतःचा गुडघा टेबलावर त्याच्या मांडीखाली टेकू म्हणून दिला, वरून हाताने मांडी दाबली, त्याला टाच टेबलावर ढिली सोडायला लावली. नडगी सरकली आणि शेवट मऊ. उजव्या पायाला तसाच ओढला, टक्कन थांबला.

आणखी एक सावधगिरी: आधी दोन्ही गुडघे 90 अंशांत ठेवून बाजूने बघावं, एका नडगीचा माथा खाली बसलाय का. बसला असेल तर मागचा लिगामेंट तुटलेला असतो, आणि ‘पुढे सरकलं’ वाटतं ते प्रत्यक्षात मागून जागेवर येणं असतं.

हा माणूस दोन वर्षं कुस्त्या करत होता. तेव्हा काय झालं हे नीट विचारल्यावर सगळं निघालं: ‘कट’ आवाज आला, तासा-दोन तासांत गुडघा टम्म. सूज किती वेळात आली हाच मोठा पुरावा असतो. दोन तासांत आली म्हणजे आत रक्त, बहुधा एसीएल. दुसऱ्या दिवशी आली म्हणजे गादी किंवा साधं पाणी. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर गादीचा फाटलेला तुकडा मध्ये आलाय, त्याला थांबवून ठेवू नये.

काट्याने जुलैतच सांगितलं होतं, 75 टक्के. आकडा खरा धरून हाताची चाचणी पुन्हा करायला हवी होती.

एमआरआयला पाठवला. शस्त्रक्रिया झालीच तर पुन्हा मातीत यायला किमान नऊ महिने. त्याआधी परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. आज त्याला हे ऐकायला जड गेलं.

6 ऑक्टोबर

मांडीची मागची बाजू. पळता पळता मागून कुणी दगड मारल्यासारखं वाटतं. पालथं झोपवून दुखऱ्या भागाची लांबी मोजायची आणि बसायच्या हाडापासून अंतर; हाडाच्या जितकं जवळ तितका वेळ जास्त. पाय फाकून घसरल्यावर बसायच्या हाडाशी खड्डा लागला, मांडी काळीनिळी झाली, तर ते पूर्ण उपटलेलं असू शकतं, एमआरआय लगेच.

बैठकांचा गैरसमज इथे मोडावा लागतो. पाचशे बैठका मारणाऱ्याची पुढची मांडी दणकट असते, मागची नाही. बैठकीत मागच्या स्नायूला फारसं काम लागत नाही. त्यासाठी नॉर्डिक: गुडघे चटईवर, जोडीदार घोटे दाबून बसतो, अंग सरळ ठेवून पुढे जमेल तितकं सावकाश झुकत जायचं, हातांवर पडायचं. हा व्यायाम नेमाने करणाऱ्या संघांत मागच्या मांडीच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात. पहिल्या आठवड्यात एकदाच, 5-5 चे दोन. दुसऱ्यात दोनदा, 6-6 चे दोन. मग तीन दिवस, हळूहळू 12, 10, 8 पर्यंत. पोरांनी पहिल्याच दिवशी तीस मारले, तीन दिवस जिना उतरता येईना, आणि व्यायामच वाईट ठरला.

20 ऑक्टोबर

तालमीतच एकाचा खांदा निखळला. बगलेत पाय लावून ओढायला तिघे तयार होते, त्यांना थांबवलं. आधी खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे गणवेशावर पलटणीचा बिल्ला शिवतात, तिथे कापसाने स्पर्श कळतो का बघायचं आणि लिहून ठेवायचं. बधिर असेल तर नसेला मार आहे. मग मनगटाची नाडी. हात झोळीत, एक्स-रेला. पहिल्यांदा निखळलेल्याचं हाड मोडलेलं असू शकतं. ओढण्यात तो तुकडा सरकतो. विशीतल्या पैलवानाचा खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे झोळी सुटली की गोष्ट संपली असं नाही. शस्त्रक्रियेबद्दल पहिल्याच वेळी बोलून घ्यावं.

24 नोव्हेंबर

दिवाळीनंतर मैदानं सुरू. आजचं काम परत सोडायच्या चाचण्यांचं.

रक्तदाब यंत्राने जांघेची तपासणी: यंत्राचा हवेचा पट्टा आधी 10 मिमी पाऱ्यापर्यंत फुगवून गुडघ्यांच्या मध्ये, 5 सेकंद दाबायचं, दुखायला कधी लागलं तो आकडा. दोघा पैलवानांनी डायल 300 ला टेकवली, त्याच्या पुढे हे यंत्र निरुपयोगी.

ऑगस्टमधला नडगीचा पोरगा आला. दाबून दुखत नाही, एका पायावर उड्या मारतो, धाव-चालीचा क्रम पूर्ण. एका पायावर टाच उचलणं दोन्हीकडे पंचवीसच्या पुढे. काट्यावर उजवा 40.8, डावा 39.1. म्हणजे 96 टक्के, आणि सगळीकडे 90 ला पास धरतात. जुलैचा कागद काढला: उजवा 48.6, डावा 47.9. डावा पाय स्वतःच्याच जुन्या आकड्याच्या 82 टक्क्यांवर आहे. तीन महिन्यांत चांगला पायही उतरला, म्हणून दोन्ही सारखे दिसतात. जुलैत दुखत नसताना मोजलं नसतं तर आज ‘पळ’ म्हणून सांगितलं असतं. त्याला आणखी सहा आठवडे वजनाच्या बैठका, आठवड्यातून तीनदा, आणि 1600 ची वेळ लावून धाव तोवर नाही. तोंड वाकडं केलं त्याने, पण कागद स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून नेला.

पुढच्या रविवारसाठी: काट्यावर 20 किलोच्या तीन प्लेट टांगून आकडा तपासणे. भिंतीतली कडी हलतेय, नवा फास्टनर. टेपचे बारा रोल. बोटाच्या पट्ट्या संपल्या. येळ्ळूर आणि कंग्राळीच्या कबड्डी संघांना मोजणीसाठी निरोप.